कुणाला द्यायचे हे उत्तर?

दुसऱ्याच्या घरातील गोष्टी विचारण्यासाठी मराठीत तीन निरनिराळे शब्द आहेत: विचारपूस, चौकशी आणि भोचकपणा. विचारपूस आजाऱ्याची करतात, सासरहून आलेल्या लेकीची करतात. तिच्यात विचारणाऱ्याचे मन गुंतलेले असते. चौकशी कोरडी असते. सोयरीक जुळवताना किंवा घर भाड्याने देताना ती करावी लागते आणि तिला काही एक प्रयोजन असते. भोचकपणाला प्रयोजनही नसते आणि मायाही नसते. उघड्या दारातून आत डोकावण्याची ती केवळ एक सवय असते. अडचण अशी की, या तिन्ही वृत्तींच्या तोंडचे शब्द पुष्कळदा एकच असतात. ‘‘मुलं किती तुम्हाला?’’ हा प्रश्न विचारपूस म्हणून येतो, चौकशी म्हणून येतो आणि भोचकपणा म्हणूनही येतो. तो कोणत्या मनातून आला हे ओळखण्याचे ओझे उत्तर देणाऱ्यावर पडते.

अकलूजसारख्या गावात हे ओझे जरा अधिकच जाणवते. नीरेच्या काठचे हे गाव सहकारी साखर कारखान्यामुळे वाढले. आसपासच्या खेड्यांतील माणसे दवाखान्यासाठी, बाजारासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी येथे येतात. ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली, तरी गावपण गेलेले नाही. एस. टी.च्या बाकावर शेजारी बसलेली अनोळखी बाई चार मिनिटांत नाव, गाव, नवऱ्याची नोकरी आणि मुलांची संख्या विचारते. यात अनेकदा निर्मळ आपुलकीच असते. परंतु संख्या ऐकल्यावर जे शेरे येतात, त्यांची जात वेगळी असते. ‘‘चौथं? आता बास की ओ, ताई!’’ ‘‘दोन्ही मुलीच? मग आणखी एक बघायचं.’’ ‘‘एकच? त्याला खेळायला कोण?’’ ‘‘लग्नाला सहा वर्षं झाली, अजून पाळणा नाही?’’ आणि घर कॅथलिक आहे हे ठाऊक असले, तर त्यावर आणखी एक पुस्ती: ‘‘तुमच्यात ऑपरेशन चालत नाही ना?’’

सोलापूर जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे शेकडा एकाहूनही कमी आहेत. संख्येने इतक्या थोड्या असलेल्या समाजातील प्रत्येक घर इतरांच्या नजरेत त्या धर्माचा नमुना ठरते. चार मुले असलेल्या हिंदू जोडप्याकडे गाव एक जोडपे म्हणून पाहते. चार मुले असलेल्या कॅथलिक जोडप्याकडे पाहताना त्याला पोप आठवतो. वास्तविक पाहता ‘ख्रिस्ती लोकांना मुले फार’ ही समजूत आकड्यांवर टिकत नाही. २०१९–२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील एकूण जननदर २.० आढळला, तर ख्रिस्ती स्त्रियांचा १.८८. तथापि शेजारणीला आकडेवारी ऐकवून तिचे समाधान होत नाही. शिवाय स्वतःच्या लेकरांचा बचाव सरासरीच्या आधारे करावा लागणे हीच मुळात अपमानाची गोष्ट आहे. ज्या घरात खरोखरच पाच मुले आहेत, त्याला त्या सरासरीचा काय आधार?

या प्रश्नाला इतिहासाचीही एक बाजू आहे. आपल्या समाजाने मुलांच्या संख्येविषयी एकच मत कधी धरलेले नाही. एके काळी वाकून नमस्कार करणाऱ्या नववधूला ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ असा आशीर्वाद मिळत असे. १९५२ साली देशाने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम स्वीकारला आणि पुढे लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर आला. आणीबाणीत त्या त्रिकोणाचे रूप पालटले. १९७६–७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आपल्याच जिल्ह्यातील बार्शीत जानेवारी १९७६ मध्ये जी मोहीम झाली, तीत कामासाठी शहरात आलेल्या खेडुतांना धरून वाहनांत घालून शस्त्रक्रियेला नेल्याची नोंद आहे. त्याच वर्षी तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करण्याचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले होते. ते अमलात मात्र आले नाही. पुढे दोनांहून अधिक अपत्ये असणाऱ्यांना ग्रामपंचायतीच्या निवडणुकीस अपात्र ठरविणारी तरतूद आली आणि २००५ च्या नियमांनी शासकीय सेवेत प्रवेश करणाऱ्याकडून लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन मागितले. आता वारा पुन्हा फिरला आहे. २०२४ साली आंध्र प्रदेशाने स्थानिक निवडणुकांतील दोन अपत्यांची अट काढून टाकली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत यांनी नागपुरात तीन अपत्यांचा पुरस्कार केला.

आठ, तीन, दोन आणि पुन्हा तीन. ज्या तराजूचा काटा एका शतकात इतक्या वेळा सरकतो, त्यावर आपल्या घरातील माणसे तोलून घेण्याची गरज नाही, एवढा बोध या इतिहासातून घ्यायला हरकत नसावी. कालचे चौथे मूल बेजबाबदारपणाची खूण होते. उद्याचे चौथे मूल कदाचित देशसेवा ठरेल. मूल मात्र कालही मूलच होते आणि उद्याही मूलच असेल.

मग हा निर्णय कुणाचा? येथे ख्रिस्तसभेची भूमिका बाहेरच्यांना वाटते तितकी सोपी नाही, आणि आपल्यापैकी पुष्कळांना वाटते तितकीही नाही. ख्रिस्तसभेने मुलांचा आकडा कधी सांगितलेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात असे प्रतिपादन केले की, किती मुलांना जन्म द्यावा याचा अंतिम निर्णय परमेश्वरासमोर उभे राहून पतिपत्नींनी स्वतःच करावयाचा आहे. तो करताना त्यांनी स्वतःचे व मुलांचे हित, काळाची आर्थिक व आत्मिक परिस्थिती, कुटुंबाचे आणि समाजाचे कल्याण या साऱ्यांचा विचार करावा, आणि आपली सद्सद्विवेकबुद्धी ईश्वरी नियमाच्या व ख्रिस्तसभेच्या शिकवणीच्या प्रकाशात घडवावी. पोप सहावे पॉल यांच्या १९६८ च्या परिपत्रकाची चर्चा साधनांच्या निषेधापुरतीच होते. परंतु त्याच परिपत्रकात जबाबदार पालकत्वाची दोन रूपे सांगितली आहेत. उदार मनाने मोठे कुटुंब स्वीकारणे हे एक, आणि गंभीर कारणांस्तव, नैतिक नियमांचा मान राखून, काही काळ किंवा अनिश्चित काळ नवे मूल न होऊ देणे हे दुसरे. याचा अर्थ असा की, पाच मुलांची आई आपली पाच मुले पदकासारखी मिरवू शकत नाही, आणि एका मुलाच्या आईच्या श्रद्धेची मोजदाद तिच्या पाळण्यावरून करता येत नाही. परमेश्वरासमोर दोघांनी घेतलेला निर्णय तिसऱ्याला दिसत नाही. त्याला फक्त मुले दिसतात.

या अदृश्य निर्णयाचा मान केवळ आपल्यालाच हवा आहे असे नाही. महाराष्ट्रात संततिनियमनाचे काम १९२१ साली सुरू करणारे र. धों. कर्वे यांचे विचार आपल्या शिकवणीच्या अगदी विरुद्ध टोकाचे होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने मूल होऊ द्यायचे नाही असे ठरविले होते. आपल्या मतांसाठी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, खटले सोसावे लागले. त्यांची मते आपल्याला मान्य नसतील. परंतु दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसणाऱ्या समाजाचा ताप निपुत्रिकाला आणि बहुपुत्राला सारखाच होतो, हे त्यांच्या आयुष्यावरून ध्यानात येते. आपल्याला जी मोकळीक हवी, ती आपल्याशी मतभेद असणाऱ्यालाही हवी असे म्हटल्याशिवाय आपल्या मागणीला नैतिक बळ येत नाही.

निर्णय आपला आहे, एवढ्याने उत्तराचा प्रश्न मात्र सुटत नाही. ‘‘तुम्हाला काय करायचंय?’’ असे म्हणून दार लावून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण अधिकार असणे वेगळे आणि तो वापरणे योग्य असणे वेगळे. संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिआ’मध्ये सौजन्याचा विचार एका अनपेक्षित ठिकाणी केला आहे. रोजच्या बोलण्याचालण्यातील गोडवा ही त्यांच्या मते केवळ स्वभावाची देणगी नाही. तो सद्गुण आहे, आणि न्याय या सद्गुणाच्या परिवारातला आहे. माणूस समाजात राहतो. सत्याशिवाय जसा समाज टिकत नाही तसाच परस्परांच्या सहवासातील आनंदाशिवायही टिकत नाही. म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याचे एक प्रकारचे देणे लागतो, असे ते मांडतात. त्याला अपवादही ते सांगतात: एखाद्या चांगल्या हेतूसाठी समोरच्याला दुखवणे आवश्यक असेल, तर तेवढ्यापुरते दुखवावे. असत्य मात्र त्यांना कोणत्याच परिस्थितीत मान्य नाही. पण शहाणपणाने सत्य झाकून ठेवणे आणि खोटे बोलणे या दोहोंत ते स्पष्ट भेद करतात.

आपल्या प्रश्नाला हे विवेचन नेमके लागू पडते. ज्याला विचारण्याचा अधिकार आहे त्याला पूर्ण सत्य द्यावे. जनगणनेचा कर्मचारी, उपचार करणारा डॉक्टर, कायद्याने प्रतिज्ञापन मागणारे कार्यालय यांच्यापुढे आडपडदा नको. ज्याला तो अधिकार नाही त्याला खोटे सांगू नये, पण सगळे सांगण्याचेही बंधन नाही. आणि दोघांनाही सौजन्य द्यावे, कारण ते त्यांचे देणे आहे. शेजारीण आपली न्यायाधीश नसते, पण म्हणून ती आपली शत्रूही नसते. तिने कदाचित स्वतः चौथ्या बाळंतपणात हाल सोसलेले असतील. तिच्या ‘बास की’मध्ये तिचे स्वतःचे दुःख बोलत असेल.

येथवर विचार दोघांचाच झाला: विचारणाऱ्याचा आणि उत्तर देणाऱ्याचा. परंतु या संभाषणात बहुधा एक तिसरे माणूस हजर असते आणि त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते. ते आईचा पदर धरून उभे असते. ज्याच्याविषयी ‘आता बास’ असे म्हटले जात आहे, ते तेच असते.

हे तिसरे माणूस काय ऐकते, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. माळशिरस तालुक्याला लागून असलेल्या सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये एका सरकारी समारंभात २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. त्यांची आधीची नावे होती नकुशी, नकुसा, नको असलेली. मुलगा हवा असताना आणखी एक मुलगी झाली, म्हणून आईबापांनी आणि आप्तांनी ठेवलेली ही नावे शाळेच्या हजेरीपटावर चढली होती. ‘आणखी एक मुलगीच?’ हा शेरा त्या मुलींच्या बाबतीत हवेत विरला नाही, त्याचे नाव झाले, आणि प्रत्येक हाकेबरोबर तो त्यांच्या कानी पडत राहिला. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम, १९८८ साली, याच राज्याने केला होता, तरीही. बाजारातला शेरा आणि त्या न जन्मलेल्या मुली यांच्यात सरळ रेषा ओढता येणार नाही. पण दोन्ही एकाच समजुतीतून निघतात. मूल म्हणजे बेरजेतला आकडा, आणि आकडा जास्त झाला की तो वजा करण्याजोगा, ही ती समजूत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: अशा शेऱ्याला दिलेले उत्तर विचारणाऱ्याला उद्देशून असले, तरी ते खरे पाहता मुलाला दिलेले असते. उत्तर योग्य की अयोग्य याची कसोटी एकच, ते ऐकून मूल स्वतःविषयी काय शिकले? आई ओशाळून हसली आणि ‘‘काय करणार, झालं!’’ म्हणाली, तर शेजारीण खूश होते. मूल मात्र शिकते की आपण एक अपघात आहोत. आई संतापून तुटून पडली, तर मूल शिकते की आपल्यामुळे भांडण होते. आई शास्त्रार्थ सांगू लागली, तर मूल शिकते की आपण एक नियम आहोत. सौजन्याचे उत्तर या तिन्हींहून वेगळे असते, आणि ते बहुतेक वेळा लहान असते. ‘‘काकू, ही आमची धाकटी. चौघांचीही लाडकी आहे. हिला आशीर्वाद द्या.’’ एवढे म्हणून लेकराला पुढे करावे. आपल्याकडील वडीलधारी बाई आशीर्वाद मागणाऱ्या लेकराला विन्मुख पाठवीत नाही. तिचा हात डोक्यावर जातो, आणि क्षणापूर्वी जी परीक्षक होती ती आजी होते. तिला शरमवावे लागत नाही, आपल्याला काही लपवावे लागत नाही आणि मुलाला आपली जागा कळते.

असेच एक उत्तर पवित्र शास्त्रात आहे. शमुवेलच्या पहिल्या ग्रंथाच्या आरंभी हन्नाची कथा येते. मूल नाही म्हणून पनिन्ना तिला वर्षानुवर्षे डिवचत असते. मंदिरात ती ओठ हलवीत, आवाज न करता प्रार्थना करते, तेव्हा याजक एली तिला मद्यपी समजतो आणि तिची कानउघाडणी करतो. धर्माच्या अधिकाऱ्याकडूनच झालेला हा अन्याय. हन्ना त्याला ‘स्वामी’ म्हणते, त्याचा गैरसमज स्पष्ट शब्दांत दूर करते, आपण दुःखी आहोत एवढे सांगते. परंतु दुःख कशाचे, मागणे काय, हे ती सांगत नाही. ते तिच्यात आणि परमेश्वरात राहते. आणि एली, तिने काय मागितले हे न जाणताच, तिला आशीर्वाद देतो. आदर, सत्य आणि मौन ही तिन्ही या एका उत्तरात नांदतात. ज्या जोडप्याला मूल झालेले नाही त्याला तर हे उत्तर फारच जवळचे वाटावे. ‘‘मावशी, आमच्यासाठी प्रार्थना करा,’’ एवढ्यावर विषय थांबतो. दवाखान्याच्या फायली चव्हाट्यावर आणाव्या लागत नाहीत.

यावर कुणी म्हणेल की, ही सोशिकता आहे आणि सोशिकतेनेच भोचकपणा माजतो. हा आक्षेप वजनदार आहे. मृदू उत्तर एकदा, दोनदा द्यावे. तिसऱ्यांदा तोच शेरा आला, तर शांतपणे सांगावे, ‘‘हा विषय आम्हा दोघांचाच राहू द्या.’’ आणि शेरा मुलीच्या मुलगी असण्यावर असेल, तर पहिल्या वेळीच ठाम व्हावे. चांगल्या हेतूसाठी समोरच्याला दुखवण्याची जी मुभा संत थॉमस देतात, ती अशाच प्रसंगासाठी. येथे गोड बोलून वेळ मारून नेली, तर किंमत मूल मोजते. हेही विसरू नये की, प्रश्न नेहमी उताराच्या दिशेने वाहतो. बागायतदाराच्या घरी पाच मुले असली, तर गाव त्याला भरलेले गोकुळ म्हणते. गळिताच्या हंगामात कोयता घेऊन आलेल्या मजुराच्या बैलगाडीत चार मुले दिसली, की तेच गाव तोंडावर विचारते, ‘‘कशाला एवढी जन्माला घालता?’’ त्या मजुराकडे उत्तर देण्याइतकी उसंत नसते. तेथे सौजन्याचे उत्तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाने द्यायचे असते.

आणि अखेरीस, आपण केवळ उत्तर देणारेच नाही. मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात नव्या जोडप्याला ‘गोड बातमी’ विचारणारे, एका मुलावर थांबलेल्यांच्या श्रद्धेविषयी कुजबुजणारे, तिसऱ्या गर्भपातातून नुकत्याच उठलेल्या बाईला ‘आणखी होऊ द्या’ असा सल्ला देणारे आपल्यातच आहेत. निसर्गतः झालेला गर्भपात चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. दिवंगत पोप फ्रान्सिस जानेवारी २०१५ मध्ये मनिलाहून परतताना विमानात बोलता बोलता म्हणाले की, उत्तम कॅथलिक होण्यासाठी सशांसारखी प्रजा वाढवावी लागते असे नाही. जबाबदार पालकत्वाचा मुद्दा बरोबर होता; उपमा मात्र मोठ्या कुटुंबांतील अनेकांना बोचली. त्यानंतर दोनच दिवसांनी, सार्वजनिक भेटीच्या वेळी, त्यांनी पुष्कळ मुलांना परमेश्वराची देणगी मानून स्वीकारणाऱ्या आईबापांचे मनापासून कौतुक केले. परमगुरूंच्या मुखातूनही असा शब्द निघू शकतो, आणि तो लवकर सावरता येतो, या दोन्ही गोष्टी आपल्याला शिकण्यासारख्या आहेत.

दर आषाढात देहूहून निघालेली तुकोबांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते. त्या वाटेवर परका माणूस परक्याला ‘माऊली’ अशी हाक मारतो. त्याला मुले किती, मुळात आहेत की नाहीत, हे विचारण्याआधीच त्याला आईचा मान मिळालेला असतो. ही हाक आपल्या परंपरेतली नसली, तरी तिच्यातील शहाणपण आपल्याला परके वाटू नये. आधी माणसाला मान द्यावा आणि मग, विचारायचेच असेल तर, त्याच्या लेकरांची नावे विचारावीत. नाव विचारले की कोणतेही मूल मान वर करून स्वतःच उत्तर देते.